नकाशात नसलेली खोली

दिवे गेले होते, इन्व्हर्टरनेही मान टाकली होती. सगळी पोरं जिन्याच्या पायऱ्यांवर काकांना चिकटून बसली.

"भुताची नाही हं. आमच्या ऑफिसातल्या टेपमास्तरची सांगतो. खरीखुरी."

टेपमास्तर जुन्या घरांची मापं घ्यायचा. कुठलं घर जपायचं, कुठलं पाडायचं, हे त्याच्या नकाशावर ठरायचं. शहराबाहेर पहिल्यांदा बंगले उठले, त्यातला एकच उरला होता. शंभरी ओलांडलेला. तो मालकानेच आखला, असं जो तो धरून चाले. पण मागच्या छोट्या खोलीत, भिंतीच्या गिलाव्यावर, पेन्सिलीने अख्ख्या घराचा आराखडा होता. मालकिणीच्या हातचा. खिडकीपाशी तिरप्या अक्षरात तिने लिहिलं होतं, 'इथे मी बसेन.' त्या काळी एका बाईने आखलेलं घर! तेवढ्या एका भिंतीपायी बंगला वाचला असता.

पण पाडायचं काम कुणाकडे? मास्तरच्या मेहुण्याकडे.

"दाजी, एवढीशी तर खोली. तिथे भिंत जरा जाड दाखवा की! आत शिरून कोण बघतंय? आणि ताईने काय जन्मभर भाड्याच्या घरातच राहायचं?"

मास्तर विरघळला. खोलीच्या जागी त्याने जाड भिंत आखली, काळ्या शाईने भरली. दार नाही. खिडकी नाही. बंगला जपायच्या यादीतून गळाला.

पाडायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. जानेवारीतला शेवटचा गुरुवार, नुकतंच अंधारलेलं. मास्तरला आठवलं, आपली टेप त्याच खोलीत राहिलीय. हाताला बसलेली, जुनी. "आलोच," असं बायकोला म्हणून तो निघाला.

बंगल्याची वीज तोडलेली. टॉर्च लावून तो मागच्या खोलीत गेला. टेप खिडकीतच होती. उचलली, खिशात घातली, वळला.

समोर भिंत.

दार डावीकडे असेल... डावीकडे भिंत. उजवीकडे भिंत. परत खिडकीकडे वळला. भिंत. त्याने आखली होती तशीच.

"अरे, कुणी आहे का?"

आवाज खोलीबाहेर गेलाच नाही.

मग... सर्र. सर्र. गिलाव्यावर पेन्सिल फिरावी तसं. त्याने टॉर्च वर केली. रेघ उमटत होती. हात नव्हता. नुसती रेघ.

आधी वाटलं, हा बंगलाच. मग त्याने स्वयंपाकघर ओळखलं. स्वतःचं. पुढे बोळ. बोळाच्या टोकाला लेकीची खोली. तिच्या तीन भिंती झाल्या. चौथी सुरू झाली. दाराला जागा न सोडता.

आत तिरपी अक्षरं उमटली. 'इथे तुझी बसेल.'

त्याने घरी फोन लावला.

"पोरगी कुठंय?"

"तिच्या खोलीत. अभ्यास करतेय. का हो, काय झालं? थांबा, हाक मारते..."

...

"अहो... अहो, दार..."

मास्तर भिंतीवर तुटून पडला. तळव्याने रेघ पुसू लागला. नखं फाटली. "उद्या खरा नकाशा देतो! खोली दाखवतो! तुमचं नाव घालतो! पोरीला सोडा!"

सर्र थांबलं.

मानेवर गार वारा आला. मागे दार होतं. उघडं.

घरी लेक उंबऱ्यात उभी. "बाबा, हात कशाने काळे झाले?"

रात्रभर जागून मास्तरने खरा नकाशा काढला. पण घाबरलेल्या बायकोने सगळं भावाच्या कानावर घातलं होतं. मेहुण्याने उजाडायच्या आत मशीन लावलं. मास्तर नकाशा घेऊन पोचला, तेव्हा तिथे विटांचा ढीग होता.

"मग मेहुण्याला धरलं तिने?" धाकटीने विचारलं.

"त्याला काय धाड भरलीय! मजेत आहे." काकांचा आवाज उतरला. "शब्द मास्तरने दिला होता ना."

धाकटीने काकांची बाही घट्ट धरली.

"तीन घरं बदलली त्याने. लेक ज्या खोलीत झोपेल, त्या खोलीचं दार तो दरवर्षी मोजतो. त्याच गुरुवारी, त्याच टेपने. दरवर्षी रुंदी बोटभर कमी भरते. सुतार म्हणतो, चौकट तर तीच आहे."

"आज तोच गुरुवार आहे, काका."

"हो." काका अंधारात बघत राहिले. "यंदा मास्तरला मोजायचा धीर होईना, म्हणून आज टेप मी धरली होती. माप घेऊन झालं. त्याने लेकीला हाक मारली..."

...

"पोरगी अंग तिरपं करून बाहेर आली."