हँडलवरचा हात

कोल्हापूरच्या चित्रपट-जतन प्रयोगशाळेत थंडी फितींच्या सोयीने राखली जाई, माणसांच्या नव्हे. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. वरदा कीर्तने यांनी एक जुना लाकडी कॅमेरा करस्पंदलेखी या यंत्राला जोडला.

"धैर्यशीलराव, हँडल फिरवत राहा. तुलनेसाठी जिवंत हात हवा."

"म्हणजे हमाली आमच्याकडे!" धैर्यशील इंगवले हसले. मूकपटांचे इतिहासकार म्हणून त्यांचा दबदबा होता. दिग्दर्शक बाळोजीराव इंगवले यांचे पणतू म्हणून त्याहून अधिक. "पण हात सांगणार काय?"

"मूकपटाचा कॅमेरा हाताने चाले. हात किंचित मंदावला, की त्या चित्रावर प्रकाश अधिक काळ पडतो. मनगटातली नाडी प्रत्येक ठोक्याला असा सूक्ष्म फरक करते. डोळ्याला तो दिसत नाही, करस्पंदलेखीला दिसतो. मात्र मूळ फितीवरच, प्रतीवर नाही."

"थोडक्यात, फितीत काळीज उतरतं."

"काळजाची गती उतरते. काव्य नको."

पडद्याखाली धैर्यशीलांच्या नाडीची हिरवी रेषा उमटली. "तुमचा मधूनच एक ठोका गळतो," वरदाबाई म्हणाल्या.

"घराण्याची देणगी. पणजोबांपासून चालत आलेली."

'मंदाकिनीचा शाप' या मूकपटाचे अखेरचे दृश्य, नायिकेचे डोहात बुडणे, अभिनयाचा कळस मानले जाई. वास्तविक चित्रीकरणात नटी कुमुद खरोखरच बुडून मरण पावली होती. तिला वाचवायला बाळोजीरावांनी उडी घेतली आणि भांबावलेला कॅमेरामन हँडल फिरवतच राहिला, असे धैर्यशीलांनीच ग्रंथात लिहिले होते. ती धांदल कॅमेरामनच्या नाडीतून सिद्ध व्हावी, म्हणून घरात सापडलेली मूळ फीत त्यांनी स्वतः आणून दिली होती. शनिवारी बाळोजीरावांच्या स्मारकाचे उद्घाटन होते.

फीत सुरू झाली. कुमुद गटांगळ्या खाऊ लागली. हिरव्या रेषेखाली उमटलेली, तेव्हाच्या हँडलवरच्या हाताची तांबडी रेषा संथ होती. मध्येच त्या रेषेतला एक ठोका गळला. थोड्या वेळाने पुन्हा गळला.

कुमुदचा हात काठावरच्या उंबराच्या मुळीला लागला. तांबडी रेषा उसळली. मुळी निसटली. रेषा पुन्हा संथ झाली.

"असा ठोका हजारोंचा गळत असेल," धैर्यशील म्हणाले.

"असेल. पण काठावर दोघेच होते, हे तुमच्याच ग्रंथात आहे. हँडलवर बाळोजीराव होते. उडी घेतली असेल, तर ती कॅमेरामनने. आणि हा हात एकदाच घाबरला: ती वाचेल असं वाटलं तेव्हा."

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"अजून नाही. शनिवारच्या आत स्मारक मंडळाला कळवावं लागेल."

"अशी जुनी फीत चटकन पेट घेते म्हणे."

स्वर सौम्य होता. त्यांचा हात हँडल फिरवतच होता. वरदाबाईंनी पडद्याकडे पाहिले. कुमुद बुडत असताना उमटलेली हिरवी रेषा त्यांनी मागे सरकवून पाहिली: ती सबंध संथ होती. आताचीही तशीच होती.

पडद्यावरची नजर न हलवता त्यांनी पाठीमागच्या दाराच्या कडीकडे हात नेला.

बोटांना लोखंड लागले, आणि हिरवी रेषा उसळली.