मोराच्या डोळ्यातली चूक

हौसाबाईंच्या हातातला चहा अजून संपला नव्हता, तोच मागाने तोंड उघडलं. "आजी, जुनं बाजूला सारलं की नवं बाहेर येतं. आमच्याकडे हे चार अक्षरांत सांगतात."

"मग चार अक्षरं बोलून गप्प का बसत नाहीस?"

हा शिकता माग चीनमधून येवल्यात आला होता. विणणाऱ्याच्या हातांवर नजर ठेवून तो वीण उचलायचा, आणि वर तिकडचे वाक्प्रचार मराठीत करून डोकं खायचा. परवा म्हणे, भांडी फोडा, नावा बुडवा. परतीची वाट मोडली की माणूस जिद्दीने लढतो. "माझ्या भांड्यांना हात लावून बघ," हौसाबाईंनी तेव्हाच बजावलं होतं.

आज मात्र त्यांचा मुलगा दिगंबर खरोखरच पहार घेऊन उभा होता. खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हौसाबाईंचा खड्डामाग उपटून तिथे दुसरा शिकता माग बसवायचा होता.

"आई, तुझा हात यानं पुरता उचललाय. तू फक्त हो म्हण."

"पुरता? आण बघू त्याच्या पैठण्या."

पैठण्या पसरल्या. या घरात पदर निर्दोष सोडत नसत. दृष्ट लागू नये म्हणून एक धागा मुद्दाम चुकवायचा. कुठे, ते त्या दिवशी हातच ठरवी. हौसाबाईंनी एकेक पदर चाचपला. प्रत्येकात चूक होती, आणि प्रत्येकात ती डावीकडच्या मोराच्या डोळ्यातच होती.

"मला जुनं टाक म्हणतो, आणि माझी एका दिवसाची चूक उराशी धरून बसलाय मेला. दृष्टीला आता पत्ता पाठ झाला असेल."

माग म्हणाला, "एकाची तलवार नावेतून नदीत पडली. त्यानं नावेवर खूण केली, आणि नाव काठाला लागल्यावर त्या खुणेखाली तलवार शोधली. आमच्याकडे अशा माणसाला हसतात. मी तेच केलं."

"मग आज कुठं चुकणार?"

"तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर ती माझी चूक झाली."

शिकत्या मागाचा धोटा धावू लागला. मोराचा डोळा आला, बिनचूक विणला गेला. पदरही निर्दोष संपला. हौसाबाई कपाळाला हात लावणार, एवढ्यात साडीच्या अंगात, जिथे या घरात कुणी कधी चुकलं नव्हतं, तिथे एक धागा वेगळाच गेला.

त्यांनी बोट फिरवून पाहिलं. ओठावर आलेली शिवी गिळली.

"पहार ठेव, दिगू. हा नवं चुकायला लागलाय. मलाही माझ्या मागावर बसून बघू दे."

खड्ड्यात पाय सोडता सोडता त्या शिकत्या मागाकडे वळल्या. "आणि काय रे, यापुढं दृष्ट काढायची ती साडीची, की तुझी?"