खालचा ट्रॅक

तो सिनेमा अगदीच भिकार होता, हे आधीच सांगून टाकते. एक शास्त्रज्ञ मरायला टेकतो, त्याची बायको त्याचं मन संगणकात उतरवते, आणि उरलेला वेळ तो पडद्यातून सगळ्यांना उपदेश करत बसतो. माणसाचं मन म्हणजे नेमकं काय, एवढा मोठा विषय, आणि हाती काय, तर निळे दिवे आणि भाषणं! पण आम्ही तो आपल्या भाषेत डब करत होतो आणि त्या शास्त्रज्ञाला आवाज देत होता माझा दादा, म्हणून मी हवेत होते.

दादाने आजवर गर्दीतली माणसं केली होती, खलनायकाचे गुंड केले होते आणि एकदा चक्क बोकड. नायक पहिल्यांदाच. लहानपणापासून त्याला दमा. वाक्य जरा लांबलं की शेवटी छातीतून शिट्टी वाजायची, म्हणून मोठं काम कुणी देतच नसे. या वेळी मी मालकांच्या मागे हात धुऊन लागले. स्टुडिओ त्यांचा, डबिंगचं दिग्दर्शनही तेच करत, आणि आवाजाची सगळी कापाकापी माझ्याकडे.

"घेऊ या त्याला," शेवटी मालक म्हणाले. "पण संगणकात गेल्यानंतर त्याचा श्वास ऐकू येता कामा नये. मशीन श्वास घेत नाही."

"एकूण एक कापते," मी म्हणाले.

आणि खरंच कापले. दोन वाक्यांमधले, दोन शब्दांमधले, आवंढ्याआधीचे. माझी सवय अशी की कापलेलं काही फेकायचं नाही. सगळे तुकडे उचलायचे, संगणकावर खालच्या वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे आवाजाच्या पट्टीवर, एकापुढे एक चिकटवायचे आणि त्या ट्रॅकचा आवाज बंद करून ठेवायचा. कधी काय परत लागेल सांगता येत नाही. संगणकाची एकच ओळ होती बाईच्या आवाजातली, "स्वागत आहे, आपण आत आला आहात." तेवढ्यासाठी कुणाला बोलवायचं, म्हणून ती मीच म्हटली. माझाही श्वास कापला आणि त्याच ट्रॅकवर टाकला.

काही दिवसांनी दादा दारातूनच ओरडला, "अगं, लिफ्ट बंद होती, जिन्याने आलो! बघ, आहे का धाप?"

नव्हती. दम्याचा पंप खिशातून बाहेरही आला नव्हता. आम्ही दोघं त्या एवढ्याशा खोलीत लहान पोरांसारखे नाचलो. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "हल्ली झोपेत शिट्टी नाही, काही नाही," ती म्हणाली आणि आनंदाने रडायलाच लागली. त्यानंतर दादा भलीमोठी भाषणं एका दमात म्हणू लागला. मला कापायला काही उरलं नाही.

एका दुपारी चुकून माझ्याकडून खालचा ट्रॅक चालू राहिला.

मी चिकटवलेले तुकडे होते आखूड, तुटक. हे तसं नव्हतं. आत, बाहेर. आत, बाहेर. शिट्टीसकट, सलग. शेवटचा तुकडा मी जिथे ठेवला होता, त्याच्या कितीतरी पुढे ट्रॅक गेला होता आणि अजून जात होता.

अंगावर काटा आला. पण खोटं कशाला बोलू, तो आनंदाचाही होता. त्या रटाळ सिनेमाला शेवटपर्यंत जे जमलं नव्हतं, ते माझ्या टेबलावर घडत होतं!

"दादा?" मी हळूच म्हणाले. समोर माईकसुद्धा नव्हता.

श्वास थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा घाईने.

मी बाहेर आले. दादा सोफ्यावर तोंडावर वर्तमानपत्र टाकून लवंडला होता. कागदाचा कोपराही हलत नव्हता. मी बराच वेळ बघत उभी राहिले आणि मग तो ओढून काढला.

"काय गं?" तो टक्क जागा होता.

"बरा आहेस ना?"

"एकदम मस्त. छाती कशी रिकामी रिकामी वाटते." तो हसला.

सिनेमा लागला आणि सपशेल आपटला. मध्यंतराला बाहेर गेलेले निम्मे लोक परत आलेच नाहीत. दादाला त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे चहाला गेले, तर तो स्वतःचीच वाक्यं मोठमोठ्याने म्हणून दाखवत होता आणि वहिनी हसून लोटपोट होत होती. तेवढ्यात मालकांचा फोन आला.

"नवं काम आलंय, डिस्क साफ करतोय. तयार आवाज ठेवलाय. खालचा कचरा तेवढा उडवतो."

"मालक, थांबा!"

फोन कट झाला होता. परत लावला, तर उचलेनात. मी दादाकडे पाहिलं. त्याच्या सदऱ्याची घडीसुद्धा वरखाली होत नव्हती. मी कप तसाच टाकून निघाले.

लिफ्ट बंद. मी जिने चढत सुटले. दोन दोन पायऱ्या.

मालकांचं बोट कीबोर्डवर होतं.

"हात लावू नका!"

मी त्यांना बाजूला सारलं आणि ट्रॅकचा आवाज चालू केला. शिट्टी वाजली. दादा होता. माझा जीव भांड्यात पडला.

मालकांनी खुर्ची पुढे सरकवली. "ताई, बसा आधी. एवढे मजले पळत आलात, जरा दम खा."

मी बसले. आणि लक्षात आलं, मला धाप लागलेली नाही.

नाकासमोर तळहात धरला.

स्पीकरमध्ये दादाची शिट्टी संथ चालली होती. तिच्या शेजारी आणखी कुणीतरी धापा टाकत होतं, नुकतंच जिने चढून आल्यासारखं.