डिस्कच्या उरलेल्या जागेत

त्या वर्षी मी पांढरकवड्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. दिवाळीच्या सुटीत जावं असं गावाकडे कोणी उरलं नव्हतं. दुपारी खोलीवर बसून भुताचे सिनेमे पाहायची. घरमालकीण कमरुन्निसाखाला काम आटोपून शेजारी येऊन बसायच्या. त्याही एकट्याच. सिनेमे इतके स्वस्तातले की भुताच्या मनगटावर घड्याळ दिसायचं.

सीडी जफरच्या दुकानातून आणायची.

"सायन्सवाल्या मॅडम भुतं पाहून राह्यल्या," तो म्हणायचा. "कॉलेजात सांगू काय?"

"सांग. तुझंच गिऱ्हाईक जाईल."

जफरची एक रीत होती. सिनेमा लवकर संपला की सीडीच्या उरलेल्या जागेत तो हाताला लागेल ती जुनी टेप भरायचा. जागा कोरी दिसली की लोकांना वाटायचं, यानं पिक्चर कापला.

अशाच एका सिनेमानंतर कापसावरचा जुना सरकारी माहितीपट सुरू झाला. काळा-पांढरा. एक भारदस्त आवाज पांढऱ्या सोन्याबद्दल सांगत होता. गावात तो शब्द आता कोणी उच्चारत नसे. कापसातली सरकी काढणाऱ्या इथल्या जिनाचं फाटक दोन हंगाम बंद होतं. पडद्यावर मात्र तोच जिन चालू होता. नाकातोंडावर फडकी बांधलेल्या बाया यंत्रात कापूस टाकत होत्या.

"थांब," खाला म्हणाल्या. "ते आरिफा हाय."

पाठमोरी मुलगी. ठिपक्यांची ओढणी. खालांची धाकटी बहीण. चाळीस वर्षं होत आली, एका संध्याकाळी जिनातून निघाली ती घरी पोचलीच नाही. खालांचे वडील घरात फोटो ठेवू देत नसत, त्यामुळे तिचा एकही फोटो नव्हता.

"आता तिचं तोंडच याद येत नाही बेटा," खाला म्हणाल्या. "नाक कसं होतं, कोणी पुसलं तर मले सांगता येत नाही. एक डाव दिसलं पाहिजे."

पण दृश्य संपेपर्यंत आरिफा पाठमोरीच राहिली.

दुसऱ्या दिवशी खालांनी तेच पुन्हा लावायला सांगितलं.

"मान वळवली न तिनं?"

मी नाही म्हणाले. सीडीवर एकदा उमटलेलं चित्र बदलत नाही, हे समजावूनही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

त्यानंतरच्या दुपारी आरिफाचा कान दिसला.

मी चित्र थांबवून पडद्यावर तिच्या खांद्यापाशी टिकली चिकटवली. पुढच्या वेळी त्याच जागी थांबवलं तर तो खांदा टिकलीपासून बोटभर सरकला होता. यंत्रं, बाकीच्या बाया, तो आवाज, सगळं जागच्या जागी.

सीडी जफरच्या टीव्हीवर लावून पाहिली.

"पाठच दिसते," जफर म्हणाला. "तुम्ही काय पाहून राह्यल्या?"

मी सीडी परत घेऊन आले. खोलीत यायचा कंटाळा येऊ लागला होता, पण खाला आधीच येऊन बसलेल्या असत. आता अगदी टीव्हीला लागून.

"इकडे पाह्य न, आरिफा. मी हाय. आपली कमरू."

त्या दुपारी आरिफा पुरती वळली.

यंत्राचा आवाज चालूच होता. तिचे हात थांबले होते.

तिनं सरळ खालांकडे पाहिलं. मग तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

बाकीच्या बाया तरण्या होत्या, तेव्हाच्या.

आरिफाचे गाल बसलेले होते. समोरचे दात नव्हते.

"बुढी झाली न माही बहीण," खाला हळूच म्हणाल्या.

लाइट गेली.

खाला उठल्या नाहीत. पदरानं काच पुसत राहिल्या, पुन्हा पुन्हा, जणू धुळीमुळेच दिसेनासं झालं होतं. "एक धागा निघून नाही राह्यला," म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. कापसाचा बारीक तंतू होता. नखानं खरवडला. नखाला नुसती गुळगुळीत काच लागली. तंतू आतल्या बाजूला होता.

पिक्चर ट्यूबच्या आत हवा नसते.

तंतू हलत होता. कोणीतरी अगदी जवळून श्वास घेत असल्यासारखा.