सरपणात काढलेलं झाड

जपानातल्या किनाशीच्या मातीत मी साठ वर्षं बोन्सायसाठी काळे पाइन वाढवले. त्यातल्या एकाने तर समुद्रावरून आलेल्या वादळाला माफी मागायला लावली होती. पण ते राहू दे. आज रियोसाकूची गोष्ट.

फेब्रुवारीची सकाळ. ओमियातल्या बोन्साय-गुरुजींकडून झाड निवडायला आलेला हा पोरगा माझ्या शेजारच्या चिझुरुच्या शेतात एका देखण्या पाइनपुढे बसला आणि बुंध्याशी मातीत बोट खुपसून मुळं चाचपू लागला. पलीकडून चिझुरुही तेच करत होती...

"सापडलं! काय गुळगुळीत मूळ आहे—"

"ते माझं बोट आहे."

पोरगा कानापर्यंत लाल! बोट मात्र दोघांनीही लगेच काढलं नाही. मी शेजारच्याच ओळीत होतो.

"हेच घेतो," तो घाईने म्हणाला. "उद्या गुरुजी बघायला येतायत. पाच वर्षं शिकलोय. निवड चुकली, तर वळकटी बांधून घरी."

"मग हे नका घेऊ. मुळं एकाच बाजूला आहेत. आणि बुंधा वर निमुळता होतच नाही... लाटणं आहे नुसतं."

"अहो, विकायचंय ना तुम्हाला?"

"झाड विकायचंय. पाहुणा बुडवायचा नाही."

तिने त्याला बांधाकडे नेलं. तिथे गुडघ्याएवढा एक वाकडा पाइन, तिच्या बाबांनी सरपणात काढलेला. मुळं चहूबाजूंनी जमीन धरून, बुंधा खाली जाडजूड, वळत वळत निमुळता, पहिली फांदी अगदी खाली.

"कुरूप आहे हो!"

"आज आहे. वीस वर्षांनी बघा."

"वीस वर्षं... कुणाबरोबर?"

"झाडाबरोबर!" ती म्हणाली, आणि हसू लपवायला वळली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी त्या झाडापुढे गुडघ्यांवर बसले. मुळांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उत्तम."

वाचला होता पोरगा! पण गप्प बसेल तर ना— "गुरुजी, निवड माझी नाही. हिची आहे."

चिझुरुने कपाळावर हात मारला.

"मग ओमियात तुझं काम नाही," गुरुजी म्हणाले. पोरगा पांढराफटक. "दोन वर्षं हिच्या हाताखाली राहा. नजर तयार झाली की ये. नाही आलास, तरी समजेन मी."

रियोसाकूने असा श्वास सोडला की तीन ओळींतल्या पाइनच्या सुया गळाल्या. मीच झाडून काढल्या, शपथ!

गुरुजी वळताच तो पुटपुटला, "चिझुरु... खरं सांगू? काल मी झाड नीट बघितलंच नाही. तुझ्याकडेच..."

"ठाऊक आहे. पाच वर्षं शिकलेला माणूस उगाच लाटण्यावर भाळतो?" ती घराकडे चालू लागली. "चल, उदोनच्या शेवया खायला. पीठ मी कालच दोघांचं मळलंय."