आबांचे गळ कुणी खाल्ले?

या रे बाळांनो, जवळ सरका. कीर्तनाला बसतो तशी मांडी घाला, मोबाईल उलटे ठेवा. भिवंडीजवळच्या कोन गावची एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यात एक एकटा म्हातारा आहे, तीन पोरं आहेत आणि कुणालाच न दिसणारा एक चोर आहे. ऐकाल तर तुमची, पेंगाल तर माझी!

“संपलं! उद्याच ही मोपेड भंगारात!” दीपेशकाका अंगणातच गरजले.

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून आलेली ऋतिका आणि तिचा धाकटा भाऊ भाविक धावतच बाहेर आले. मोपेड आडवी पडली होती. शेजारी त्यांचे आजोबा, म्हणजे काकांचे वडील नामाआबा, खरचटलेलं कोपर धरून उभे होते. खाडीवरून येताना ब्रेकची वायर तुटली आणि आबा एका कंटेनरखाली जाता जाता वाचले होते!

“नवी वायर टाकून चार महिने झाले नाहीत, आबा! तुम्ही निगा ठेवायला विसरता. वय झालं तुमचं. आता गळ बंद, खाडी बंद!”

आबांनी गळाची काठी खुंटीला टांगली. “खाडीवर न्हाय गेलो तं दिसभर करू काय? भिंतीशी बोलू?” ते इतक्या हळू म्हणाले की फक्त ऋतिकाला ऐकू आलं.

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. सोबतीला गळ टाकणारे मित्र जमिनी विकून लांब राहायला गेले, त्यांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. आबांना बसायला एक खाडी तेवढी उरली होती.

“आबा आणि विसरतील?” भाविक फुरफुरला. “मी पहिलीत बरणी फोडली, ते अजून उकरून काढतात!”

शेजारची मेघाली म्हणाली, “मग त्यांनाच विचारू ना, निगा कशी ठेवतात ते!”

विचारायचा अवकाश, आबांचे डोळे उजळले.

“खारं पानी लोखंडाचा वैरी. म्हनून घरी येताना वाटेवरच्या विहिरीवर थांबायचं. काठीच्या कड्या, रीळ, गळ, गाडीची चेन, ब्रेकची वायर, समदं गोड्या पान्यानं धुवायचं. सुकवायचं सावलीत. उन्हात तंगूस कडक होतो.”

“तंगूस म्हणजे?” भाविकने विचारलं.

“हा नायलॉनचा दोरा रं! याच्या टोकाचा हातभर तुकडा रोज कापून टाकायचा. दगडाला घासलेला दोरा नेमका मोठा जिताडा मासा लागला की दगा देतो. आन् शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच! जास्त तेल रेती धरतं.”

“हे विसरणाऱ्या माणसाचं बोलणं आहे होय?” मेघाली कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

आबांनी डबी उघडली. गेल्याच महिन्यात आणलेले गळ काळे पडून खड्ड्याखड्ड्यांचे झाले होते. भाविकने एक दाबला आणि कट्! दोन तुकडे!

“चाळीस वर्सांत खाडीनं असं कधी खाल्लं न्हाय,” आबा पुटपुटले.

ऋतिका विचारात पडली. “खाडीने नाही, तर मग... धुण्याच्या पाण्याने?”

लगेच दोन बाटल्या आल्या. एकीत घरच्या नळाचं पाणी, दुसरीत विहिरीचं. एकाच पाकिटातला एकेक नवा गळ दोन्हीत सोडला. तिसऱ्या दिवशी पाहतात तो काय! नळाच्या पाण्यातल्या गळावर जरासा तांबूस डाग, आणि विहिरीच्या पाण्यातला गळ काळाकुट्ट, सुईसारखा बारीक!

“चोर विहिरीत आहे!” भाविक ओरडला.

गावात नळ आल्यापासून त्या विहिरीवर आबांशिवाय गावातलं कुणी फिरकत नव्हतं. म्हणूनच कुणाला काही कळलं नव्हतं. दुपारी तिघं झुडपामागे दबा धरून बसली. शेजारच्या गोदामातल्या माणसांनी रसायनांचे रिकामे निळे ड्रम गडगडत आणले, विहिरीला पंप लावून विसळले. ते फेसाळ पाणी फुटक्या कट्ट्यातून परत विहिरीत टपटपत होतं!

पोरांनी पुढे होऊन जाब विचारला, तसा गोदामाचा सुपरवायझर केसरीनाथ हसला. “कसले ड्रम? पानी एकदम चकाचक हाय! चला, खेला तिकडं.”

दुसऱ्या दिवशी ऋतिकाने दीपेशकाकांना हाताला धरून गोदामापाशी आणलं. “काका, फक्त ऐका.” केसरीनाथची नवीकोरी मोटारसायकल दारातच उभी होती. भाविकने विहिरीच्या पाण्याची बादली उचलली.

“केसरीकाका, गाडीवर किती धूळ बसलीये! धुऊन देतो तुमच्या चकाचक पाण्याने!”

“ए! थांब! ते पानी नको! चमक खाऊन टाकंल ते!” केसरीनाथ धावला, आणि मधेच जीभ चावून थांबला.

दीपेशकाकांचा चेहरा लाल झाला. “चमक खातं? मग माझ्या बापाच्या ब्रेकची वायर कुणी खाल्ली?”

सरपंच जानकीबाई आल्या. ड्रम धुणं त्याच दिवशी बंद झालं आणि विहीर उपसून साफ करायचं गोदामवाल्यांनी लिहून दिलं. “मोठ्यांनी आबांना दोष दिला, पोरांनी तपास केला. शाबास रे वाघांनो!” जानकीबाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

काकांनी स्वतः मोपेडला नवी वायर बसवली. “आबा, माझं चुकलं.”

“तू मला बोललास, पोरांनी पान्याला इचारलं. येवढाच फरक,” आबा म्हणाले आणि त्यांनी मुलाचा खांदा धरला.

सुट्टी संपली. ऋतिका आणि भाविक नाशिकला गेली, मेघालीची शाळा सुरू झाली, काकांची ड्युटी तर रोजचीच. आबा मात्र रोज पहाटे खाडीवर जातात. सतरंजी अंथरतात, एका कडेला सरकून बसतात. दुसरी कडा रिकामीच राहते.

बाळांनो, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा आपलं मागून झालं की आणखी एक नाव घ्या, कोनच्या नामाआबांचं. म्हणा, देवा, आज त्यांच्या शेजारी कुणीतरी येऊन बसू दे.