नजरेपुरता उजेड

प्रकाश-संशोधन संस्थेच्या तळघरात, बिनखिडक्यांच्या प्रयोगघरात, आज निकाल लागणार होता आणि डॉ. यशोधन सबनीस सकाळपासून धुमसत होता. नव्या वसाहतीतल्या घरांना कोणता दिवा बसवायचा, हे या संस्थेत नुसत्या आकड्यांवर ठरत नसे. एका संशोधकानं बायकोसह याच प्रयोगघरात प्रत्येक दिव्याखाली आठ दिवस राहायचं आणि कौल घरातल्या बाईनं द्यायचा, असा इथला रिवाज. पहिला दिवा यशोधनचाच: मितदीप, साधासुधा, काटकसरी, सगळी खोली सारखी उजळणारा. दुसरा प्रद्युम्न गोखलेचा नेत्रदीप. हा प्रद्युम्न कॉलेजपासून एक पाऊल पुढे! त्याचं नाव निघालं की यशोधनच्या पोटात दुखायचं. आणि आता कौल देणार होती यशोधनची बायको, मृदुला.

तिघं जेवणाच्या टेबलाशी बसले होते. वर नेत्रदीप होता.

"मितदीपाला नऊ युनिट लागली, याला पाऊण. हे जमतं कसं?" मृदुलानं विचारलं.

"अदृश्य किरणांनी तो प्रत्येकाच्या बुबुळांचा माग घेतो," प्रद्युम्न मीटरच्या नोंदी चाळत म्हणाला. "नजर पडेल तेवढ्यावरच उजेड टाकतो. कोणी बघतच नाही, तिथे वीज कशाला जाळायची? पण पाऊण म्हणजे फारच कमी. माझ्या घरी दोनच्या खाली कधी आला नाही."

म्हणे फारच कमी! आली बढाई! यशोधननं दात आवळले. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की मीटर सोडला तर खोलीभर अंधार असताना प्रद्युम्नचा चेहरा मात्र लख्ख उजळलाय. प्रद्युम्न तर मीटरकडे बघत होता. मग हा उजेड कोणाच्या नजरेचा?

"मृदुला, कधीची त्याच्याकडे बघतेयस!" तो ओरडला. "दिवाच चहाडी करतोय तुझी!"

"मी डोळे मिटलेत, यशोधन," अंधारातून तिचा शांत आवाज आला. "उजेड गेला का?"

उजेड तसाच होता.

म्हणजे प्रद्युम्नवर खिळलेली नजर यशोधनची स्वतःचीच होती! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रद्युम्ननं ओशाळून मान आणखी खाली घातली. नोंदींत प्रत्येक चेहऱ्यावर पडलेला उजेड मिनिटांत लिहिलेला होता.

"वाच ना," मृदुला म्हणाली.

"वहिनी, राहू दे."

"वाच."

"तुमच्या चेहऱ्यावर... आठ दिवसांत अकरा मिनिटं. सगळी आरशासमोरची."

यशोधननं गर्रकन मान वळवली. उजेड मृदुलाच्या चेहऱ्यावर आला. ती डोळे पुसत होती, आणि त्याला आधी वाटलं, उजेड सहन होत नसावा.

"आठ दिवस समोर बसून जेवलास," ती म्हणाली. "डोळे त्या मीटरवर. प्रद्युम्नच्या दिव्यानं किती कमी खाल्लं, तेवढंच बघत होतास. मी अंधारात वाढत होते."

मग तिनं कौलाचा कागद पुढे ओढला आणि मितदीपावर खूण केली.

"तुझाच दिवा लाव घरात," ती म्हणाली. "त्याच्या उजेडासाठी कोणी बघायला लागत नाही."